रुमालाबाहेरचा हात

धोंडूशेठनं कडूबाला फसवलं. आमच्या बैलबाजारात कडुलिंबाखाली कडूबाची जागा होती. ती शब्द देऊन सोडवून घेतली आणि मग शब्द गिळला. कडूबा होता तोवर त्यानं मला हे कुठं बोलू दिलं नाही. आता तो नाही, म्हणून लिहितो आहे.

बातमी आली तेव्हा मी बाजारातच होतो, एका गोऱ्ह्याचं तोंड उघडून दात बघत. कडूबाचा पुतण्या गर्दीतून वाट काढत आला आणि म्हणाला, "तात्या, काका गेले. गोठ्यात बसल्या बसल्याच." गोऱ्ह्याचा ओठ माझ्या हातातून सुटला. मालक विचारत होता, घ्यायचा का न्हाई? आयुष्यात पहिल्यांदा मी भाव न करता सौद्यावरून उठलो. बाजाराच्या टोकाला, ओढ्याजवळच्या बाभळीखाली कडूबाची जागा त्या दिवशी रिकामी होती. चार बैलवाले मात्र तिथं उभे होते, आपापली दावी धरून... तो येईल म्हणून वाट बघत.

कडूबा दलाल होता. दलाल म्हटलं की वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी पडेल, आणि ती बरोबर आहे. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं होत नसे. खांद्यावरचा मोठा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं दाबायची. कुठलं बोट, किती पेरं, यावरून रक्कम कळायची, पण ती त्या दोघांनाच. बैलाचा मालक समोर उभा राहून रुमाल हललेला तेवढा बघायचा. मग दलाल त्याच्या कानात भाव सांगणार. हातातला भाव एक आणि कानातला दुसरा, मधलं दलालाचं. आजे-पणजे असंच करत आले, म्हणून कुणाला त्यात वावगं दिसत नव्हतं. मलाही नाही. मी या बाजारात शिरलो तो कडब्याच्या पेंढ्या डोक्यावर वाहून. बोटांची भाषा मी नुसती बघून शिकलो आणि तिच्यावरच स्वतःची दावण उभी केली. मला कुणी काही फुकट दिलेलं नाही, आणि मीही कुणाला दिलं नाही.

मग दुष्काळाचं साल आलं. विहिरींना तळ दिसले, कडबा सोन्याच्या मोलाचा झाला आणि बाजारात माणसांपेक्षा बैल जास्त दिसायला लागले. बाहेरगावचे व्यापारी येत आणि त्यांच्यासाठी धोंडूशेठ खरेदी करी. वयानं मोठा, पांढरा फेटा, बाजारात त्याचा शब्द चाले. एका बाजारी केदारखेड्याची गयाबाई एक बैल घेऊन आली. नवरा खडी फोडायच्या कामावर होता, म्हणून दावं तिनंच धरलं होतं. तिच्या बाजूनं कडूबा आणि समोर धोंडूशेठ. रुमाल पडला, हात आत गेले. बाई थोडा वेळ बघत राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, "भाऊ, बैल माझा. अन् भाव माझ्यापासूनच झाकून राह्यले?"

रुमाल हलायचा थांबला. कडूबाच्या तोंडावर काय आलं ते मला शब्दात सांगता येत नाही. त्यानं दुसऱ्या हातानं रुमाल ओढला आणि खांद्यावर टाकला. खाली धोंडूशेठची दोन बोटं त्याच्या मुठीत तशीच धरलेली, भर उन्हात, सगळ्यांसमोर. लोक हसले. कडूबा हसला नाही. म्हणाला, "शेठ, तोंडानं बोला. बाईला ऐकू येऊ द्या."

धोंडूशेठ हात सोडवून निघून गेला. तेव्हा मी भाव बोललो, मोठ्यानं. माझ्यावर वाटूरच्या एका गिऱ्हाइकानं चढवला, त्याच्यावर पुन्हा मी. बैल मलाच मिळाला आणि महाग पडला. गयाबाईनं आपलं दावं सोडून घेतलं, कारण बैल विकला तरी घरचं दावं देत नाहीत. जाताना बैलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडूबाला म्हणाली, "आज बाजार ऐकला बघा." मी चिडलो नव्हतो. धंदा कळणारा माणूस आहे मी. ज्या बाजारात विकणाऱ्याला भाव ऐकू येतो त्या बाजारात लोक लांबून चांगलं जनावर घेऊन येतात, हे मी तिथंच ताडलं.

पुढचं काम कडूबानं केलं नाही, मीही नाही. ते खडीवर झालं. त्या कामावर राजूरकडची, केदारखेड्याची, आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांची माणसं शेजारी शेजारी बसून दगड फोडत. गयाबाईनं तिथं गोष्ट सांगितली, ऐकणाऱ्यांनी घरी नेली. थोड्याच बाजारांत बैलवाले रुमाल दिसला की म्हणायला लागले, "आधी रुमाल काढा, मंग बोलू." अर्ज गेला नाही, मोर्चा निघाला नाही, कुणा पुढाऱ्याला पत्ताही नव्हता. लुगड्याचा पदर खोचलेल्या बाया आणि फाटक्या पायताणातली माणसं नुसती नाही म्हणत राहिली. आजही ते आठवलं की माझा ऊर भरून येतो.

दलाल मात्र खवळले. व्यापाऱ्यांनी कडूबाशी सौदे बंद केले. त्याची चूल कशी पेटत होती ते त्याची बायको रखमावैनी जाणे. मी एकदोघांची गचांडी धरली, तर कडूबानंच मला ओढून बाजूला नेलं. "तुझं डोकं म्हंजी कडब्याची गंजी," तो म्हणायचा, "काडी लागायचा उशीर."

शेवटी धोंडूशेठनं समेटाला बोलावलं. लिंबाखाली सगळे दलाल बसले. शेठ म्हणाला की आम्ही पण रुमाल सोडतो, पण आमच्या तोंडाकडं बघ. थोडे बाजार तू लिंबाखालून उठ, टोकाला बस, मग ये परत आपल्या जागेवर. किती बाजार ते हातात सांगतो. शेवटचा सौदा जुन्या रिवाजानं होऊ दे. असं म्हणून त्यानं आपला रुमाल पसरला.

आणि कडूबानं हात आत घातला.

परत येताना मी रस्त्यातच थांबलो. "सगळ्या मुलखाला उघडं बोलायला लावलंस अन् स्वतःचा सौदा रुमालाखाली केलास?"

"म्हातारा माणूस हाय. चारचौघांत हात पुढं केल्ता त्यानं. झिडकारू कसा?"

"किती सांगितले?"

"चार बाजार. बराबर चार बोटं धरली."

चार बाजार तो टोकाला बसला. पाचव्या बाजारी आम्ही लिंबाखाली गेलो तर तिथं धोंडूशेठच्या भाच्यानं खुंट ठोकले होते. शेठ म्हणाला, कसला शब्द? कडूबानं जागा कायमची सोडली. दुसरं काही ठरलं असेल तर ऐकलेला माणूस आणा. ऐकलेला माणूस कुठून आणणार? रुमालाखालचं कुणी ऐकत नाही, म्हणून तर तो पसरला होता. मी खुंट उपटायला वाकलो. कडूबानं माझं मनगट धरलं. त्या पकडीत जोर होता, राग नव्हता. म्हणाला, "जागा गेली. पण रिवाज बी गेला ना? मंग? चल, ऊन चढून राह्यलं."

तो ओढ्याकडं गेला तो कायमचाच. बाभळीला सावली नाही, पायाखाली काटे, पाण्याचा हौद लांब. पण पुढच्या बाजारापासून मी एक तमाशा बघितला. बैलवाले लिंबाची गार सावली ओलांडून, उन्हातून चालत, बाभळीकडं जायला लागले. लिंबाखालच्यांनाही मग झक मारून रुमाल खांद्यावर ठेवावे लागले. बाजाराचं तोंडच फिरलं. एका माणसानं रुमाल ओढला आणि एका बाईनं खडीवर गोष्ट सांगितली, एवढ्यावर. मी फार व्यापारी बघितले, फार श्रीमंत बघितले. इतका मोठा सौदा कुणी जिंकलेला बघितला नाही. त्या माणसाचा मी दोस्त होतो, हे मी कुणालाही छाती पुढं काढून सांगेन.

आणि आता खरं दुखणं. कडूबाच्या दहाव्यानंतर त्याच लिंबाखाली बाजारकरी जमले. धोंडूशेठ उभा राहिला, डोळ्यांना पंचा लावला आणि म्हणाला की उघड्या बोलीचा रिवाज आपण सगळ्यांनी मिळून पाडला, कडूबा बिचारा आपल्या सोबत होता. सोबत होता! मी उठलो. पलीकडं बायांत बसलेल्या रखमावैनीनं मान हलवली, आज नको म्हणून. मी बसलो. पण बसणं म्हणजे सोडणं नाही.

परवा कडूबाच्या घरी गेलो होतो. गोठ्यात खुंटीवर तो रुमाल आहे. त्या दिवसानंतर कडूबानं तो कुणाच्या हातावर टाकला नाही, फक्त नवीन जन्मलेलं वासरू पुसायला घ्यायचा. त्याचे डाग धुऊनही गेलेले नाहीत. वैनी म्हणाल्या, "न्या भावजी, तुमच्याकडं असू द्या." मी नेला नाही. गाय गाभण आहे, तिथं लागेल तो...

जागा पैशानं विकत घ्यायची असती तर मी केव्हाच घेतली असती. मला ती नको. मला उत्तर पाहिजे. धोंडूशेठ, हे कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच. येत्या बाजारी लिंबाखाली या. बैलवाले असतील, गयाबाईला मी स्वतः घेऊन येतो. त्यांच्यासमोर सांगा, त्या दिवशी कडूबाची किती बोटं धरली होती आणि कशासाठी. मोठ्यानं सांगा. आणि सांगताना हात रुमालाबाहेर ठेवा.