मनुष्यवस्ती नव्हती

‘हा शेंदूर घासून काढ. पाहुणे यायच्या आत.’

सोसायटीच्या सेक्रेटरी मॅडम. हातात तारेचा ब्रश दिला आणि गेल्या. बागेतल्या दगडासमोर मी एकटी. दिंडोशीच्या डोंगराखाली हे मोठं कॉम्प्लेक्स, मी तिथं हाऊसकीपिंगला. लाद्या पुसायच्या, पाला झाडायचा, सांगतील ते करायचं. पण तो दगड म्हणजे आमचा वाघोबा.

टॉवर यायच्या आधी तिथं आमचा पाडा होता. वारल्यांची घरं, कारवीच्या कुडाची, शेणानं सारवलेली. माझा जन्म तिथला, बाबांचा तिथला. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस यायची, तेव्हा सगळा पाडा वाघोबापुढं जमायचा. बाबा शेंदूर लावायचे, नारळ फोडायचे. रानात जाणाऱ्या माणसाला नि गुरांना सांभाळ, एवढंच मागणं. मग बिल्डर आला. घरं पाडली. आम्हाला रस्त्यापलीकडं सातव्या मजल्यावर खोली मिळाली. वाघोबा राहिला कुंपणाच्या आत.

तिथं कामाला लागले ती त्याच्यासाठीच. रोज दिसेल म्हणून. वाघबारशीला गुपचूप बोटभर शेंदूर लावायचे. आता तो मलाच घासायचा होता.

घासला. नोकरी हवी होती. वरचा थर लगेच गेला. खालचा निघेना, तो बाबांच्या हातचा, तेलात कालवून लावलेला. ब्रश दाबून फिरवत राहिले. नखांत लाल लाल गेलं. देवाची माफी मागायचीही लाज वाटली.

संध्याकाळी कार्यक्रम. दगडाशेजारी काळ्या ग्रॅनाइटची पाटी, तिच्यावर पडदा. टाळ्या झाल्या, पडदा सरकला. मी मागं, कचऱ्याची पिशवी धरून. आठवीपर्यंत शिकलेय, वाचता येतं.

‘प्राचीन शिळा. बांधकामाच्या वेळी सापडली. पूर्वी येथे घनदाट जंगल होते, मनुष्यवस्ती नव्हती.’

परत वाचलं. तेच होतं.

मॅडम जवळून चालल्या होत्या. म्हटलं, ‘मॅडम, इथं आमचा पाडा होता. हा आमचा देव आहे.’

त्या हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘अगं, कामगारांच्या झोपड्या असतील त्या, बांधकामाच्या वेळच्या. सगळी माहिती काढूनच लिहिलंय.’ मग माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, ‘पण तू वारली आहेस ना? मस्त. ये, पाटीजवळ उभी राहा, एक फोटो काढू. ग्रुपवर छान वाटेल.’

वस्ती नव्हती. आणि वस्तीतली बाई फोटोला हवी.

‘नाही उभी राहणार.’

‘काय?’

‘पाटीवर खोटं लिहिलंय. मी नाही उभी राहणार.’

मोठ्यानं नव्हते बोलले. तरी आसपासचे लोक वळून बघायला लागले. मॅडमनी सुपरवायझरकडं नुसतं पाहिलं. त्यानं दंडाला धरून मला बाहेर आणलं.

‘वेडी झालीस काय गं? उद्यापासून येऊ नको.’

घरी आले. बाबा खाटेवर बसलेले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, ‘शेंदूर कोणी काढला?’

‘मी.’

बाबा भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. जेवले नाहीत.

नंतर मी वॉर्ड ऑफिसात गेले. खाजगी जागा आहे, आम्ही काय करणार, तिथले लोक म्हणाले. पोलीस चौकीत गेले. हवालदार म्हणाला, ‘एका दगडासाठी कशाला डोकं फिरवून घेतेस, बाई.’ पाटी जागेवरच आहे. रविवारी लोक पोरांना घेऊन तिथं थांबतात, मोठ्यानं वाचून दाखवतात. पोरं तेच शिकतायत. मला कुंपणाबाहेरून ऐकू येतं. माझी कुणाशी ओळख नाही, वकील नाही. पाटी निघेल असं मला वाटतही नाही.

वाघबारस जवळ आलीय. पाड्यातली माणसं आता वेगवेगळ्या बिल्डिंगींत राहतात. मी रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात जाते, वाघोबाला शेंदूर लावायला चला म्हणते. काही घाबरतात, काही हो म्हणतात. बाबांना आता चालवत नाही, त्यांना खुर्चीत बसवून नेणार. पुढच्या गेटनं, जिथून मला कधी जाऊ दिलं नाही तिथून. वॉचमन विचारेल, कुठल्या फ्लॅटला जायचंय. आम्ही इथले आहोत, एवढंच सांगणार. अडवलं तर गेटातच बसणार. पोलिसांनी उचललं, तर पुढच्या वर्षी परत येणार.