पाहुण्यांच्या पायाला चिखल

भामाबाईच्या दारात, उंबऱ्याच्या उजव्या हाताला, पाण्याने भरलेला पितळी तांब्या कायम असायचा. पोस्टमन येवो, मिठागराचा मुकादम येवो, नाहीतर निवडणुकीत हात जोडत कुणी उमेदवार येवो, आधी पाय धुवायचे आणि मगच ओटीवर बसायचं. आणि गंमत अशी, की कुणाला पाय धुवायची वेळ आली याचीच तिला लाज वाटायची. पाहुण्याच्या पायाला आपल्या दारचा चिखल लागला म्हणजे घराची शोभा झाली, असं तिचं ठाम मत होतं. आता खाडीकाठच्या पाड्यात चिखल नसेल तर काय गुलाबपाणी असेल? पण हे भामाबाईला सांगायची छाती कुणाची होती? तिचा दीर कमळाकर एकदा बोलून बसला, तर तिने त्याच्याच हातात खराटा दिला आणि अख्खं अंगण झाडून घेतलं.

पाडा पनवेलच्या खालच्या अंगाला होता. मिठागरात हाडं झिजवलेली आगरी माणसं, कौलारू घरं, आणि समोर खाडीचा मातीचा बांध. बांध आणि घरं यांच्यामध्ये मोठं सखल रान पसरलेलं होतं, त्याला सगळे खाजण म्हणत. बांधात एक लाकडी फळ्यांचं दार होतं. त्याचं नाव उघाडी. उधाणाला फळ्या काढल्या की खाडीचं पाणी खाजणात येऊन पसरायचं आणि ओहोटीला गुपचूप परत जायचं. पावसाळ्यात वर शहरातून धो धो उतरणारं पाणीही याच खाजणात मावायचं आणि याच दाराने खाडीला मिळायचं. खाजण होतं म्हणून घरं कोरडी होती. इतकं साधं होतं ते.

फळ्या कधी चढवायच्या आणि कधी काढायच्या हे भामाचा नवरा गणू बघायचा. तो गेला तेव्हा तेराव्याला जमलेली मंडळी आता उघाडी कुणी सांभाळायची यावर घोळ घालत बसली. एकाची कंबर दुखत होती, दुसऱ्याची पाळी कारखान्यात होती. भामा आतून ऐकत होती. ओहोटी लागलेली तिला दिसली. ती उठली, पदर खोचला, बांधावर गेली, फळ्या काढल्या आणि परत येऊन भांडी घासायला बसली. चर्चा तिथेच संपली. त्यानंतर इतके पावसाळे गेले, पण पाड्यातल्या एकाही चुलीत पाणी शिरलं नाही. भामा याचा तोरा मिरवायची, आणि का नाही मिरवायचा?

मग नव्वद सालानंतर नवी मुंबई पनवेलच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. खाजण कागदोपत्री शहरातल्या एका जुन्या जमीनदाराच्या नातवाचं होतं. त्याने ते एका शेठला विकलं. शेठने तिथे बाजार-इमारत बांधायचं ठरवलं: खाली दुकानं, वर कचेऱ्या, आणि सगळ्या खाजणावर पुरुषभर उंच भराव. नकाशा मंजुरीसाठी नगरपालिकेच्या नियोजन समितीकडे गेला.

कमळाकरने पेपरातली नोटीस वाचून दाखवली तेव्हा भामाची भाकरी तव्यावरच करपली.

"भराव टाकला तर पानी जाईल कुटं?" ती म्हणाली. "आपल्याच घरात ना! आमी काय होड्या बांधून ऱ्हायाचं?"

तिने हरकत घेतली. हरकत लिहून दिली आशालताबाईंनी. या बाई शाळेत गणित शिकवत, महिलांच्या राखीव जागेवर नुकत्याच निवडून आल्या होत्या आणि त्या समितीत एकट्याच बाई होत्या. अंगाने काडी, पण आवाज असा खणखणीत, की मागच्या बाकावरच्यालाही धाक वाटावा. समितीच्या बैठकीत त्यांनी टेबलावर हात आपटला. "कागदावर कसला वाद घालता? वैशाखातल्या अमावास्येला दुपारी जागेवर चला. उधाण असतं. गुडघाभर पाणी डोळ्यांनी बघा आणि मग बोला."

अध्यक्ष उदयसिंहराव भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "योग्य आहे. त्या दिवशी पाणी दिसलं तर परवानगी नाही. नाही दिसलं तर हरकत फेटाळू." सगळ्यांनी माना डोलावल्या. आशालताबाई मनातून खूश झाल्या. खटला जिंकल्यातच जमा होता.

पण त्या शिस्तीच्या! निकाल लागेपर्यंत हरकत घेणाऱ्याच्या घरी पाऊल टाकायचं नाही, हा त्यांनी स्वतःलाच घालून घेतलेला नियम. उद्या कुणी म्हणायला नको, की बाई आधीच फितूर होत्या. त्यामुळे पाड्यात निरोप गेला तो कचेरीच्या शिपायाकडून, आणि तोही एवढाच: "अमावास्येला दुपारी साहेबलोक जागा बघायला येणार आहेत."

भामाने आधी खाजणाकडे पाहिलं. अमावास्येला? भर उधाणात? साहेबलोक बूट घालून येणार, आणि खाजणात गुडघाभर चिखल!

"अगं बया, त्यांना काय दिवस मिलला नाय दुसरा?" ती कमळाकरला म्हणाली. "आपल्यासाठी येवढी मोठी मानसं येतायत, आन् त्यांना आमी रेड्यासारखं चिखलात लोळवायचं व्हय?"

कमळाकरलाही ते पटलं. पाड्यातल्या एकाही माणसाला यात वावगं वाटलं नाही. आपली बाजू सांगायला तोंड आहे, आणि पाहुणे आपल्या घरी जेवून गेले की आपला शब्द मानणारच, यावर त्या लोकांचा भरवसा. पाणी दिसलं पाहिजे हे कुणाच्या डोक्यात यावं कशाला? पाणी तर रोजचंच होतं, ते काय दाखवायचं?

तेव्हा भामाने अष्टमीलाच, भरती मवाळ असताना, उघाडीच्या फळ्या चढवल्या. फटींत चिंध्या कोंबल्या, वर चिकणमाती थापली. वैशाखाचं ऊन कडकडीत होतं, खाजण वाळत गेलं. बायकांनी उरलेल्या ओलीवर राख टाकली, मुरूम पसरला, धुम्मस घेऊन चोपलं. वर पेंढा अंथरला. शेजारच्या वेणूच्या सुनेने तर रांगोळी काढली! अमावास्येच्या दिवशी बांधापलीकडे खाडी फुगून बांधाला धडका देत होती आणि अलीकडे खाजण लग्नाच्या मांडवासारखं कोरडं ठणठणीत होतं.

साहेबलोक आले. उदयसिंहराव, इंजिनिअर देवेश, आणखी दोघे, आणि मागून आशालताबाई. देवेशने काठी जमिनीत खुपसून पाहिली. काठी आत जाईना. त्याने चार ठिकाणी खुपसली. आशालताबाई खाजणाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि इकडेतिकडे बघत राहिल्या, त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता. भामाला वाटलं, बाईंना ऊन लागलं. तिने धावत जाऊन कोकम सरबत आणलं.

मग उंबऱ्याजवळच्या तांब्यातलं पाणी नावापुरतं पायांवर घेऊन पाहुणे ओटीवर पंगतीला बसले. तांदळाच्या भाकऱ्या, जिताडा माशाचं कालवण, वर सोलकढी. वाढता वाढता भामा सांगत होती, "साहेब, भराव टाकलाव तं आमच्या घरांत पानी शिरंल हां. आमच्याकडं बघा." उदयसिंहराव घास गिळत "हो, हो" म्हणत होते. निघताना त्यांनी बुटाकडे बोट दाखवलं. "बाई, कमाल आहे! खाडीकाठी आलो आणि बुटाला धूळसुद्धा लागली नाही."

भामाला स्वर्ग दोन बोटं उरला. अशी शाबासकी तिला जन्मात मिळाली नव्हती.

जीपमध्ये बसताना आशालताबाईंनी मात्र एकदाच मागे वळून पाहिलं, आणि त्या नजरेत राग होता. या बाईने आपल्याला खोटं सांगितलं, असं त्यांना वाटत होतं. काय सांगायचं! दोघी एकाच बाजूच्या, आणि दोघींत एका शब्दाचा मेळ नाही.

समितीची बैठक भरली. हरकत घेणाऱ्यांना मागच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. भामा धुवट लुगडं नेसून, केसात अबोली माळून आली होती. चांगली बातमी ऐकायला आली होती ना ती! देवेश उभा राहिला आणि अहवाल वाचू लागला.

"वैशाख अमावास्येस, ऐन उधाणाच्या वेळी, समितीने जागेची पाहणी केली. जागा पूर्णपणे कोरडी व टणक आढळली. पाण्याचा मागमूस नाही. सबब येथे उधाणाचे पाणी साठते ही हरकत निराधार असून ती फेटाळावी."

भामाला आधी कळलंच नाही. निराधार म्हणजे काय, असं तिने कमळाकरला विचारलं. म्हणजे खोटी, असं कमळाकर पुटपुटला. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं. उधाणाच्याच दिवशी का आले होते. काठी का खुपसत होते. बाईंचा चेहरा का उतरला होता. देवा रे देवा! ही माणसं पाणी बघायला आली होती. आणि आपण ते लपवलं. आपल्या हाताने चिखल थापून, चिंध्या कोंबून लपवलं.

ती ताडकन उठली. खुर्ची मागे पडली.

"अवो साहेब, थांबा! पानी हाय! मीच अडवलं व्हतं पानी! तुमी येनार म्हनून, तुमच्या पायांना चिखल नको म्हनून मी फल्या घातल्या, माती लावली! गनूची शपथ घेऊन सांगते, खोटं नाय बोलत!"

आयुष्यात कधी नवऱ्याचं नाव न घेतलेली बाई भर सभेत त्याचं नाव घेऊन ओरडली. आशालताबाईंनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. त्यांनाही आता कळलं होतं.

उदयसिंहराव हसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, म्हणजे तुम्ही एकट्याने हे पाणी अडवलंत?"

"व्हय साहेब! मी एकलीनं!"

"नुसत्या लाकडी फळ्या आणि माती लावून?"

"व्हय, व्हय!"

उदयसिंहराव देवेशकडे वळले. "मग प्रश्नच मिटला. हे काम फळ्यांनी होतं, तर काँक्रीटने पक्कं होईल. उघाडी कायमची बंद करण्याच्या अटीवर परवानगी द्यायला हरकत नसावी."

खरं सांगितलं की माणसं ऐकतात, एवढंच भामाला माहीत होतं. आशालताबाई उठून तावातावाने बोलू लागल्या. पावसाळ्यात शहरातून उतरणारं पाणी मग कुठून बाहेर जाणार, हाच मुद्दा त्यांनी तीन तऱ्हांनी मांडला. देवेश म्हणाला, मोठं गटार बांधून घेऊ. हात वर झाले. एक हात सोडून सगळे.

पाड्यातल्या कुणी भामाला टोचलं नाही, कारण मुरूम सगळ्यांनीच पसरला होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यापाशी तांब्या नव्हता. तिने तो आत, फडताळात, पालथा घालून ठेवला होता.

भराव पडला. बांधातलं दार काँक्रीटने बुजवलं. काढून टाकलेल्या फळ्या कमळाकरने घराच्या पडवीत आणून रचल्या. इमारत उभी राहिली, दुकानांच्या पाट्या लागल्या. गटार मात्र नकाशातच राहिलं. आणि पुढच्या श्रावणात, पुनवेच्या उधाणाला, वरून पाऊस लागला तेव्हा शहराचं पाणी उतरलं, भरावाला आपटलं आणि मुकाट्याने पाड्यात वळलं. भामाच्या घरात चुलीवर पाणी चढलं. गणूच्या तसबिरीची चौकट भिजली. ती खाटेवर पाय वर घेऊन बसली होती आणि नुसती बघत होती. या घरात आजवर पाणी आलं नव्हतं. ते तिला खरंच वाटेना.

आशालताबाईंनी समितीला अक्षरशः ओढून आणलं. पाऊस रिमझिमीवर आला होता, पण पाणी तसंच तुंबलेलं होतं. जीप वरच्या रस्त्याला थांबली. छत्र्या दिसल्या मात्र, आणि पाड्यात धांदल उडाली. सवय हो! कमळाकर आणि दोघंतिघं पडवीतल्या उघाडीच्या फळ्या घेऊन धावले आणि विटांवर ठेवून साहेबांसाठी वाट करू लागले. उदयसिंहरावांनी पहिल्या फळीवर बूट टेकवलाही.

"काढा त्या फल्या!"

भामा उंबऱ्यात उभी होती, मांड्यांपर्यंत पाण्यात. तिचा आवाज असा फुटला, की वेणूच्या सुनेच्या हातातली वीट पडली.

"कमळाकरभावोजी, काढा म्हनते ना! येक फली ऱ्हायली नाय पायजे!"

कमळाकरने वहिनीकडे पाहिलं आणि फळी ओढली. उदयसिंहरावांचा तोल गेला, ते बुटांसकट पाण्यात उतरले. गढूळ पाणी त्यांच्या गुडघ्यांवर चढलं. त्यांच्या मागे देवेश उतरला. दोघं पाणी कापत, ठेचकाळत तिच्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्याशी थांबले. मागच्या भेटीच्या आठवणीने उदयसिंहरावांची नजर उजव्या हाताला, तांब्याच्या जागेकडे गेली.

भामाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ती बाजूला झाली आणि तिने त्यांना आत हात दाखवला.

"या साहेब, आत या. आज पाय धुवायला तांब्या नाय लागनार."