माझी किडनी परत द्या

यांच्या पायात पोराच्या चपला दिसल्या तेव्हाच मी ओळखलं. पाय सुजून स्वतःच्या चपला बसेनात, आणि ते मला कळू द्यायचं नव्हतं.

पोरानं गाडी काढली. कळंबपासून बारामतीपर्यंत नवरा काच खाली करून, धापा टाकत बसला.

मी यांना माझी किडनी दिली तेव्हा वय पन्नाशीचं आणि अक्कल विशीतली. टाके सुकायच्या आत गावभर मिरवून आले. हळदीकुंकवाला बायका माझ्याकडे बघतायत ना, हे मी आधी बघायची. आणि यांनी भाजीत मीठ कमी आहे म्हणायचा अवकाश, माझं ठरलेलं, "माझी किडनी परत द्या!" हे हसायचे. मला वाटायचं, काय बाई मी गमतीदार! तेव्हाच्या त्या बयेला कुणीतरी चिमटा काढायला हवा होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले. "आजोबा, बसवलेली किडनी थकलीय. अंगात पाणी साठलंय. डायलिसिस आजच करायला हवं, नाहीतर जिवावर बेतेल."

"न्हाय." हे खुर्चीतून हलेनात. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिनं दिल्याली वस्तू मी घालीवली. आता मशिनीवर झोपून गावाला दावू व्हय?"

श्वासाला शिट्टी वाजत होती. ओठ काळे पडायला लागले होते. गोड बोलून समजूत काढणं मला कधी जमलंच नाही. जे येतं तेच केलं.

"अवो, इतकी वरसं वापरून गुळगुळीत केली. आता परत घिऊन मी काय लोणचं घालू तिचं? तिला ऱ्हाऊ द्या. पर तुमास्नी घिऊनच मी घरी जानार. उठा."

यांना हसू फुटलं, हसण्याचा ठसका झाला, ठसका थांबेना. सिस्टर धावली. तिच्या खांद्याचा आधार घेत हे कसेबसे खाटेवर आडवे झाले.

माझी किडनी बसवण्याआधी डायलिसिस चालायचं, तेव्हा सुई टोचायला यांच्या डाव्या हातात शीर धमनीला जोडून ठेवली होती. ती बंद पडली असेल तर मानेत नळी घालावी लागणार होती. रक्त वाहतंय का ते ऐकायला सिस्टरच्या आधी मीच हाताला कान लावला. लांब कुठंतरी गिरणी चालू असावी तसा आवाज आला.

"चालू हाय," मी म्हणाले आणि कान तसाच लावून बसले.

"आजी, सरका बाजूला."

सुई टोचताना यांनी डोळे मिटले. मग हळूच, "ही शीर माझी हाय बरं का. ही मागायची न्हाय."