डेल्फिनाने न केलेली सही

आमच्या वालसॉर्दात स्कीचे उतार तपासायचं काम डेल्फिना पेरूशोनचं होतं. रोपवे लोकांसाठी सुरू व्हायच्या आधी ती वर जायची, एकेक उतार घसरत खाली यायची, कुठला उघडायचा आणि कुठे दोरी बांधायची ते ठरवायची. मी खालच्या स्टेशनावर बटणं दाबायचो. उतरली की तिचं सुरू व्हायचं.

"ऑग्यूस्त, हॉटेलमागचा बर्फ आजही पिवळा! ही माणसं स्वतःच्या घरी अशीच राहतात का रे?"

उन्हाळ्याच्या तोंडाला बर्फ वितळला की रोपवेखाली सिगारेटची थोटकं, डायपर असं काय काय सापडायचं, एकदा तर चक्क कवळी सापडली होती. सगळं तीच पोत्यात भरायची, नाक मुरडत, पण भरायची.

मग तुरीनहून नवे संचालक आले, टेसारी. त्यांना कोंबा नेइरा उघडायची होती. ती उत्तरेकडची अरुंद घळ, तिथे कधीच कुणाला सोडलेलं नव्हतं. शनिवारी उद्घाटनाला कॅमेरेवाले येणार होते. तपासणीला डेल्फिना, तिच्या हाताखाली तयार झालेला तिचा भाचा रेमो, टेसारी आणि खांब वाहायला मी, असे चौघं वर गेलो.

डेल्फिनाने कमरेइतका खड्डा खणला. वरचा थर फळीसारखा टणक. खालचे दाणे तिने तळहातावर घेतले, ते साखरेसारखे ओघळले.

"बघा. वरचं खालच्याला धरून नाही. एक माणूस मधोमध वळला की सगळं खाली येणार."

टेसारींनी सलामी सॉसेज घातलेला पाव संपवला आणि त्याचा कागद तिच्या खड्ड्यात टाकला. "डेल्फिनाबाई, तुम्ही म्हणे तीस वर्षं हेच सांगताय."

"तीस वर्षं माणसं जिवंत घरी जातायत ती उगाच नाही." तिने पावाचा कागद उचलून खिशात घातला. उतार उघडायच्या परवानगीवर मात्र सही केली नाही.

टेसारींनी पेन रेमोपुढे धरलं. त्याने आधी बुटांकडे पाहिलं. "आज तरी घट्ट वाटतंय," म्हणाला आणि सही केली.

शनिवारी डेल्फिनाला सुट्टी दिली होती. ती स्कीवर चालत एकटीच वर चढली आणि घळीच्या तोंडावर दोरी ताणून उभी राहिली. "म्हातारे, बाजूला हो!" कुणीतरी ओरडलं. ती हलली नाही. वीस-पंचवीस जण शिव्या देत परतले. टेसारींनी मला फोन केला, तिला खाली आण म्हणून. मी म्हटलं, आवाज कट होतोय साहेब. साडेअकराला सतरंजी झटकल्यासारखा आवाज झाला आणि घळीतला सगळा बर्फ खालच्या झाडांपर्यंत घसरला. आत कुणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात डेल्फिनाचा सत्कार. "आमच्या व्यवस्थापनाची दक्षता," असं म्हणत टेसारींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो दोन बोटांनी उचलून बाजूला केला.

"हुकूम ह्यांचा होता, सही माझ्या भाच्याची. फुलं त्यांना द्या."

पेपरात दक्षता छापून आली, हे वाक्य नाही. डेल्फिनाने सत्कारातच कंपनीचं जॅकेट काढून टेबलावर ठेवलं आणि नोकरी सोडली.

रेमो तिच्या घरी आला तेव्हा मी तिथेच होतो. हातात दारूची बाटली.

"मावशी, चुकलं माझं."

"बाटली बाहेर ठेव. दाणे तूही बघितलेस ना?"

"बघितले."

"न कळून केलं असतंस तर आत्ता तुला पोलेंटा वाढला असता. जा."

तो गेल्यावर तिने उंबऱ्यावरचा त्याच्या बुटांचा चिखल पुसला, दोनदा.

आता ती पलीकडच्या दरीत चीज मुरवायच्या तळघरात चीजच्या गोल ढेपांना मीठ चोळते. मागच्या हिवाळ्यात मी म्हटलं, चल, एकदा वर येऊ जाऊन. "वर वास येतो," म्हणाली. यंदा कोंबा नेइरा पुन्हा उघडली आहे, सही कुणा नव्याची. बटणं मीच दाबतो. त्यावर ती मला काही बोलत नाही, फक्त माझ्या हातचं काही खात नाही.