भाऊजींचा तीनशेवा पक्षी

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना क्षमा असावी. चौथीनंतर पेन हातात आलं ते दुधाचा हिशोब लिहायला, त्यामुळे अक्षरही मुंग्या सांडल्यासारखं आहे. तसं हे कोणी वाचणार नाही. पण तोंडाने बोलता येत नाही ते कुठे तरी ठेवावं लागतं.

माझे धाकटे दीर मोठ्या सरकारी हुद्द्यावर आहेत, इथेच दिल्लीत द्वारकेला राहतात. दर रविवारी पहाटे यमुनाकाठी पक्षी बघतात आणि तिथून चिखलाच्या बुटांनी आमच्याकडे पोह्यांना येतात. तीन वर्षांपूर्वी कॅमेऱ्याची लांब लेन्स घ्यायला त्यांना पैसे कमी पडले. शेजारणीच्या मशीनवर, तिला भाडं देऊन, साड्यांना फॉल-पिको करून मी स्वतःच्या मशीनसाठी पैसे जमवले होते. ते ह्यांनी मला न विचारता देऊन टाकले. भाऊजी म्हणाले, यादीत तीनशे पक्षी झाले की छंद बंद, लेन्स विकून पैसे परत. मी मान हलवली. मला तेवढंच येतं.

तेव्हापासून तो आकडा माझाही झाला.

मला वाटायचं, पक्षी बघणं म्हणजे पक्षी बघणं. तसं नसतं. कुठे तरी विद्वान बसतात आणि दरवर्षी यादी बदलतात. म्हशीमागे फिरणारा गायबगळा अचानक 'पूर्वेकडचा' झाला. तो अजून म्हशीमागेच आहे, त्याला कोणी कळवलं नाही. पेरूवर येणारा चष्मेवाला आता 'भारतीय' झाला. इथेच जन्मला, इथलेच किडे खाल्ले, कागद मात्र आत्ता मिळाले. सातभाईंचं शास्त्रातलं आडनाव बदललं, तर भाऊजींच्या ग्रुपवर दोन दिवस भांडण चाललं. लग्नात माझं नाव आणि आडनाव दोन्ही बदललं. तेव्हा बुंदी वाटली आणि सगळे जेवून घरी गेले.

मागच्या वर्षी भाऊजींचे तीनशे झाले. पेढे आले. मी खिडकीखालची ट्रंक हलवून मशीनला जागा केली. पुढच्या रविवारी ते तोंड पाडून आले. नवी यादी लागली होती. बाभळीत लपणारे दोन करडे पक्षी त्यांनी वेगळे धरले होते, ते आता एकच ठरले.

"वहिनी, दोनशे नव्याण्णव," ते म्हणाले, घरातलं कोणी गेल्यासारखं. पक्षी मेला नव्हता, उडालाही नव्हता. मी ट्रंक परत जागेवर ढकलली. नंतर वर्षभर त्यांना नवा एकही सापडला नाही.

यंदा यादी आली तेव्हा ते आमच्याच सोफ्यावर होते, हातात पोह्यांची बशी. मोबाइल बघून हसले. उत्तराखंडात पाहिलेला सोनेरी पाठीचा सुतारपक्षी आणि कोकणात पाहिलेला, हे आजवर एक होते, आता दोन झाले.

"दादा, बसल्या जागी तीनशे," ते ह्यांना म्हणाले.

मी चहाचा ट्रे ठेवला आणि म्हटलं, "भाऊजी, मग माझे पैसे."

ह्यांनी असं पाहिलं, जणू ट्रेच बोलला.

"वहिनी, हा घरबसल्या मिळालेला. असा मोजत नाहीत."

"गेला तोही घरबसल्याच गेला होता. तो मोजलात."

बशीत उरलेले शेंगदाणे त्यांनी एकेक करून खाल्ले. ह्यांनी उगाच पंखा वाढवला. मी ट्रेपाशीच उभी राहिले.

दारात बूट घालताना भाऊजी म्हणाले, पुढच्या वर्षी हे दोघे पुन्हा एक झाले तर?

"तर तेव्हा मागा परत," मी म्हटलं.

लेन्स त्यांनी विकली नाही. विकायची वेळ आली तेव्हा पैसे बँकेतही असल्याचं त्यांना आठवलं. अर्धे त्याच आठवड्यात आले. उरलेले पाकिटात घालून दिवाळीआधी घेऊन आले आणि ह्यांच्या हातात देऊ लागले. मी मध्येच हात पुढे केला, दोघांसमोर मोजले. पूर्ण होते.