चिखलातल्या राक्षसाचा आवाज

टीव्हीवर कुठे एखादा रबरी राक्षस दिसला की मी हातातलं काम टाकून त्याच्यासमोर बसते. मुलगा हसतो, म्हणतो, "आई, अगं त्याच्या पाठीवरची चेन दिसतेय." दिसू दे. ती चेन मला तुझ्या जन्माच्या आधीपासून ठाऊक आहे रे. हल्लीच्या चकचकीत राक्षसांशी माझं काही नातं नाही. मला लागतो तो गरीब, एकाच कपड्यातला, चिखलात पाय घसरणारा.

आमच्या चामोर्शीत पंच्याऐंशीच्या सुमारास व्हिडिओ आला. सायकल दुरुस्तीचं दुकान असलेल्या एका चाचांनी धानाचं रिकामं गोदाम घेतलं, खिडक्यांना पोती ठोकली आणि टेबलावर टीव्ही मांडला. बाजाराच्या दिवशी दुपारी खेळ असायचा. नागपूरहून कॅसेटींचा गठ्ठा यायचा, त्यात एकदा एक इंग्रजी सिनेमा आला. दलदलीत राहणाऱ्या कुठल्याशा दंतकथेतल्या प्राण्याचा. अंगभर शेवाळ, बेडकासारखे हात, गोट्यांचे डोळे. बोलणं कुणाला एक अक्षर कळेना. लोक उठून जायला लागले तसे चाचा माझ्या दादाला म्हणाले, "अरे, तू बारावी तक पढा है ना, जरा समझा दे इनको."

दादा बारावीला इंग्रजीतच नापास झाला होता. पण नाही म्हणेल तो दादा कसला. बांबूची काडी घेऊन टीव्हीशेजारी उभा राहिला आणि सगळी गोष्ट मनानंच रचून सांगायला लागला. त्या प्राण्याची म्हणे तिथं भाताची बांधी होती आणि बंदूकवाले गोरे बूट घालून त्याच्या नुकत्या लावलेल्या रोवण्यात शिरले होते. "माह्या बांधीत कोन शिरला बे?" असं तो ओरडला की गोदाम हसून लोळायचं. पोरं मागून सांगायची, "चेन दिसून राह्यली." तरी पुढच्या बाजाराला पुन्हा तीच कॅसेट आणि सगळे हजर. मी पुष्कळ विचार केला आहे याचा. बाकीच्या सिनेमांतली माणसं बंगल्यात राहायची, बर्फात नाचायची. आम्ही अर्धं वर्ष गुडघाभर चिखलात उभे राहणारे, आणि आमच्यासारखा चिखलातला हा एकटाच. त्याचा पाय घसरायचा तो खरोखर घसरायचा. तेव्हा बाया चुकचुकायच्या.

इथं बाबांचं सांगायला हवं. त्याच्या दोन वर्षं आधी, नदीला पूर असताना, बाबा वैनगंगेपलीकडे आत्याच्या गावाला जायला डोंग्यात बसले. डोंगा उलटला. बरोबरचे दोघं खाली वाहत जाऊन सापडले, बाबा सापडले नाहीत. विहारातली वडीलधारी मंडळी घरी आली, गोंडपिपरीहून मामा आले, बाबा गेले असं धरून पुण्यानुमोदनाचा विधी करून टाकू म्हणून सगळ्यांनी मायला समजावलं. माय म्हणाली, "मानूस दाखवा, मंग करू." तिनं गळ्यातली काळी पोत काढली नाही. रोज संध्याकाळी बाबांचं ताट वाढून ती चुलीशेजारी झाकून ठेवायची, कारण त्या दिवशी निघताना बाबा नेहमीचंच बोलून गेले होते: "भात झाकून ठेव, मी आलोच."

सकाळी तो शिळा भात माझ्या वाट्याला यायचा. तिखटमीठ लावून मी खायचे आणि रोज कुरकुरायचे. मी तेव्हाही फटकळच होते. एकदा म्हणाले, "किती दिवस मेलेल्या मानसाचा भात खाऊ मी?" मायनं मारलं नाही, नुसतं पाहिलं. तिचं ते पाहणं मला अजून सोसत नाही.

आणि एका बाजाराला दादानं काय करावं? तो प्राणी पाण्यातून हळूहळू डोकं वर काढतो, त्या ठिकाणी त्यानं आवाज बदलला. बाबांसारखा दोनदा घसा खाकरला आणि म्हणाला, "भात झाकून ठेव, मी आलोच." लोक हसले, त्यांना काय माहीत. घरी येताना वाटेत मी त्याच्याशी कडकडून भांडले. तो म्हणाला, "मुद्दाम नाई केलं. तोंडातून निंगून गेलं."

बाबांचं खाकरणं ओळखणाऱ्या शेजारणीनं हे मायच्या कानावर घातलंच. पुढच्या बाजाराला मायनं वांग्यांची टोपली अर्धीच विकून उचलली आणि गोदामात येऊन बायांच्या मागे बसली. जन्मात सिनेमा न पाहिलेली बाई. दादानं तिला पाहिलं. मला वाटलं, आज तरी हा शहाण्यासारखा गप्प बसेल. पण प्राणी पाण्यातून वर आला आणि दादानं घसा खाकरला. मायनं पदर तोंडावर धरला. ती रडत नव्हती, ऐकत होती.

मग ती दर बाजाराला येऊ लागली. शेवटी चार बंदूकवाले त्या प्राण्याला घेरतात, त्याच्या जरा आधीच ती टोपली घेऊन उठायची. दादाही थांबेना. दर वेळी थोडं थोडं वाढवत गेला. प्राणी बैलाला बाबांच्या शिव्या द्यायचा, विडी मागायचा, माझ्या वेण्यांची चौकशी करायचा. मी घरी त्याला म्हणाले, "तू मायले फसवून राह्यला, लाज वाटत नाई?" तो भांडला नाही. म्हणाला, "दोन घंटे तरी भेटते ना तिले. तुले नाई पायजे का?" मला पाहिजे होतं. म्हणूनच मला इतका राग येत होता.

नंतर तर त्यानं शेवटच बदलला. टीव्हीवर गोळ्या सुटत, प्राणी छातीला हात लावून पाण्यात बुडे, आणि दादा सांगे, "मेला नाई. पान्याच्या आतून आतून गेला नदीकडे. येते पुढच्या बाजारी." लोकांना पटायचं, पुढच्या बाजाराला खरोखरच तो यायचा. माय आता शेवटपर्यंत बसू लागली. घरी ताटावर दुसरं ताट झाकताना तिचा चेहरा उजळलेला असायचा, आणि ते मला बघवत नव्हतं. ती वाळत चालली होती. स्वतःच्या पानातलं त्या झाकलेल्या ताटात काढून ठेवायची.

धान कापायला आला होता तेव्हाचा तो बाजार. कॅसेट चालून चालून झिजली होती, टीव्हीवर पट्टे यायचे, त्या पट्ट्यांतून प्राणी धडपडत पळत होता. बंदूकवाले मागे. त्याचा पाय घसरला, तो उठला, पुन्हा घसरला. दादानं तोंड उघडलं आणि मागून माय बोलली. घरात बोलते तशाच साध्या आवाजात.

"बाबू, किती पळवशील त्याले? थकला असन तो. मरू दे आता."

गोदामात कुणी हसलं नाही. दादानं काडी खाली ठेवली. त्याच्या बोलण्याशिवाय तो सिनेमा पहिल्यांदाच चालला. गोळ्या सुटल्या, प्राणी बुडाला, पाण्यावर बुडबुडे आले आणि थांबले. माय उठली, पदर सावरला, टोपली डोक्यावर घेतली आणि बाजारात जाऊन राहिलेली वांगी विकायला बसली.

पौर्णिमेला पुण्यानुमोदन झालं. मामा आले, आत्या आली. पांढऱ्या लुगड्यात मायनं हात जोडून त्रिसरण म्हटलं, त्यात एकदाही आवाज कापला नाही. दादानं पुन्हा कधी कुठल्या सिनेमाला आवाज दिला नाही. चाचांनी फार विनवण्या केल्या. पुढे तो धानोऱ्याला कामाला लागला, आणि घसा खाकरायचीही त्याला चोरी झाली.

पण मला आठवते ती त्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. उठले, तोंड धुतलं आणि सवयीनं चुलीशेजारी हात घातला. ताट नव्हतं. भाताचं गंज घासून पालथं घातलेलं होतं. आदल्या रात्री मायनं तीनच माणसांचा भात लावला होता. दप्तर घेऊन उपाशीच शाळेत निघाले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बाबांसाठी रस्त्यात उभी राहून रडले.