मुकादम वाचला

इस्त्रीच्या दुकानातल्या वहिनींना लहानपणापासून वाचायचं वेड होतं. माहेरी जेवताना ताटाशेजारी पुस्तक असायचं आणि त्यापायी रोज आईची बोलणी खावी लागायची. पुस्तक नसलं तर औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, सामान बांधून आलेला कागद, जे हाती लागेल ते वाचायच्या. पुढे लग्न झालं, दोन मुली झाल्या, नवऱ्याबरोबर दुकान उभं राहिलं, आणि या सगळ्यात वाचन कधी सुटलं ते त्यांना कळलंसुद्धा नाही. कळलं तेव्हा फार वेगळ्या तऱ्हेनं कळलं. धाकटीनं शाळेत आईवर निबंध लिहिला होता. त्यात एक वाक्य होतं, 'माझ्या आईला इस्त्रीचा छंद आहे.'

"छंद!" असं म्हणून वहिनी दिवसभर हसत होत्या. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होत्या. संध्याकाळी मात्र तडक वाचनालयात गेल्या आणि नाव नोंदवून एक जाडजूड कादंबरी काखेत मारूनच घरी आल्या.

पुस्तक आलं, पण वेळ कुठून आणायचा? सकाळ डब्यांची. दुपारी जेवणानंतर पाय पसरून बसावं, तर नेमकं कुणीतरी 'अर्जंट आहे हो' म्हणत दारात उभं. अंथरुणावर पुस्तक उघडावं, तर चौथ्या ओळीला ते तोंडावर. आठ दिवसांत वहिनींनी पहिलं पान पाच वेळा वाचलं. नायक दार उघडून आत येतो आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तो कोण, कशाला आला, काही पत्ता नाही.

मग त्यांनी डोकं लढवलं. पँट लटकवायचे चिमट्यांचे हँगर दुकानात ढिगानं होते. त्यातल्या एकाला पुस्तक उघडं करून अडकवलं आणि हँगर डोळ्यांसमोरच्या दांडीला टांगला. उजव्या हातात इस्त्री, डाव्या हातानं पान उलटायचं. नवरा सायकलवरून कपड्यांची गाठोडी घेऊन आला आणि बघतच राहिला.

"अगं, पुस्तक वाळत घातलंस का?"

तीन दिवस झकास गेले. चौथ्या दिवशी नायकाला तुरुंगातून पत्र आलं. वहिनी पत्र वाचत राहिल्या आणि इस्त्री एका जागी थांबली. जळका वास आला तेव्हा दातांच्या डॉक्टरांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला होता, अगदी आखून काढल्यासारखा.

डॉक्टर शर्ट न्यायला आले तेव्हा वहिनींचं तोंड एवढंसं झालं होतं. डॉक्टरांनी शर्ट उलटसुलट करून पाहिला. मग दांडीवरचा हँगर पाहिला.

"पाठीवर आहे ना? वर पांढरा कोट असतोच माझा. कुणाला दिसतंय?" ते म्हणाले. "पण पत्रात काय होतं?"

दुकानाच्या कोपऱ्यात खुर्चीवर सासूबाई बसलेल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना उभ्यानं काम जमत नसे, म्हणून त्या बसल्या बसल्या कपड्यांना नंबरांच्या चिठ्ठ्या टाचायच्या. सासूबाई म्हणजे फटकळ बाई. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आवाज अजूनही खणखणीत. कथाकादंबऱ्यांचा त्यांना मनस्वी कंटाळा. 'खोट्या माणसांच्या भानगडी कशाला वाचायच्या? खऱ्या माणसांच्या मी ढीगभर ऐकल्यात,' असं त्यांचं म्हणणं.

डॉक्टर गेले तशी त्यांनी चिठ्ठ्यांचा डबा बाजूला सरकवला आणि हात पुढे केला.

"दे इकडे ते पुस्तक."

वहिनींना वाटलं, आता हे माळ्यावर जाणार. त्यांनी मुकाट्यानं हँगरमधून पुस्तक सोडवून दिलं. सासूबाईंनी चष्मा चढवला, घसा खाकरला.

"मी वाचते. तू शर्टाकडे बघ. एक डाग पडला तर लाईन तोडून टाकीन."

असा तो प्रकार सुरू झाला. सासूबाई वाचायला लागल्या आणि वहिनी ऐकतच राहिल्या. चौतीस वर्षं हजारो लोकांचे आवाज कानावरून गेलेली बाई ती. वकील वकिलासारखा बोलायचा, चहाडखोर जाऊ चहाडखोर जावेसारखी. गिऱ्हाईक आलं की सासूबाई बोट वर करून म्हणायच्या, "थांबा, लाईन चालू आहे." आणि लोक खरोखर थांबायचे! कुणी कपडे देऊन निघायचं सोडून दाराशी टेकून उभं राहायचं. दातांचे डॉक्टर तर दवाखाना उघडायच्या आधी रोज सकाळी वीसेक मिनिटं येऊन बसू लागले. एकेकदा हातात एकच रुमाल असायचा इस्त्रीला.

हळूहळू वहिनींचे हातसुद्धा गोष्टीच्या चालीनं चालायला लागले. संथ प्रकरण असलं की चादरी, भांडणाचं असलं की शर्टाच्या कॉलरी. सात महिन्यांत नऊ पुस्तकं झाली. 'आज काय झालं?' हा प्रश्न जेवताना वहिनींनी शाळेबद्दल विचारण्याऐवजी मुलीच पुस्तकाबद्दल विचारायला लागल्या. सासूसुनेत पूर्वी कुकरच्या शिट्ट्यांवरून वाद व्हायचे, ते आता नायिकेनं नोकरी सोडायला हवी होती की नव्हती, यावरून व्हायला लागले. दोघींचं एकमेकींशी इतकं बोलणं लग्नानंतरच्या चौदा वर्षांत झालं नव्हतं.

एकदा नवरा मात्र म्हणाला, "आई, तुझ्या या पुस्तकांत कुणी मरत कसं नाही गं?"

"चांगल्या माणसांची पुस्तकं आहेत," सासूबाई म्हणाल्या. "तू गाठोडी पोचव."

दहावं पुस्तक होतं पूल बांधणाऱ्या एका मुकादमाचं. मोठ्या नदीवर पूल होतोय, मुकादम माणसं सांभाळतोय, आणि त्याची बहीण दूर घरी त्याची वाट बघतेय. वहिनींचा त्या मुकादमावर फार जीव जडला. पूल पुरा व्हायच्या आदल्या दिवशी तो वरून पडला तेव्हा त्यांनी इस्त्रीच खाली ठेवली. सासूबाई थबकल्या. खोकल्या. पाणी प्यायल्या. दोन पानं एकदम उलटून, मग पुढं वाचायला लागल्या. मुकादमाचा पाय मोडला होता. दोन महिन्यांनी तो कुबडी घेऊन घरी गेला आणि बहिणीनं दार उघडलं. वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि डॉक्टरांकडे बघितलं, तर डॉक्टर छताकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी वहिनी पुस्तक परत करायला गेल्या.

"रडलात ना?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं. "हे पुस्तक देताना मी लोकांना आधी सांगून ठेवते."

"रडले की. बहीण दार उघडते तिथं अगदी राहवलं नाही."

"दार उघडते आणि तार हातात घेते. बाई गं, ते प्रकरण!"

"तार कसली?"

"मुकादम गेल्याची."

वहिनींनी पुस्तक परत ओढून घेतलं, तिथंच बाकावर बसल्या आणि शेवटची वीस पानं स्वतः वाचून काढली. मुकादम तेविसाव्या प्रकरणात मरत होता. चोविसावं प्रकरण सबंध बहिणीचं होतं, आणि त्यातलं एक अक्षरही सासूबाईंनी वाचलेलं नव्हतं. कुबडी तर सबंध पुस्तकात कुठेच नव्हती.

वहिनी तरातरा दुकानात आल्या. सासूबाई चिठ्ठ्या टाचत होत्या. डॉक्टर रुमाल घेऊन हजर होतेच.

"आई, मुकादम मेलाय."

सासूबाईंची टाचणी थांबली. "कुणी सांगितलं?"

"पुस्तकात लिहिलंय! तेविसाव्या प्रकरणात!"

"असेल. माझा चष्मा जुना झालाय."

"चष्म्यातून कुबडी दिसली तुम्हाला?"

आता वहिनी थांबेनात. दुसऱ्या पुस्तकातली ती लहान मुलगी तापातून बरी झाली होती का? आजोबांचं ऑपरेशन? तुरुंगातून पत्र लिहिणारा तो मित्र खरंच सुटला होता?

"मित्र सुटला," सासूबाई म्हणाल्या. "अगदी शपथेवर."

"आणि आजोबा?"

सासूबाई डब्यात पुढची चिठ्ठी शोधायला लागल्या.

"आणि ती मुलगी?"

"मुलगी बरी होते. थोडी बहिरी होते, तेवढं गाळलं."

डॉक्टरांना हसू आवरेना. वहिनी त्यांच्याकडे वळल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मुकादमाचं पुस्तक मी दोनदा वाचलंय, वहिनी. पाय मोडला तेव्हा मी खुर्चीतून पडायचा राहिलो. म्हटलं आता बघू या काकू ह्याला घरी कसा पोचवतात." डॉक्टर उठले. "काकूंनी मुकादम वाचला, म्हणून तर तो वाचला!" आणि ते रुमाल तसाच टाकून सटकले.

वहिनींना हसावं की चिडावं कळेना. त्यांनी इस्त्री गरम करायला लावली आणि पाठ फिरवली. एक शर्ट झाला, दुसरा झाला.

मग मागून सासूबाई बोलू लागल्या. वाचतानाच्या आवाजात नाही, साध्या.

"एक्स्चेंजमध्ये आम्हाला ऐकायची मनाई होती. पण जोडून देताना एकदोन वाक्यं कानावर पडायचीच. हॉस्पिटलातून फोन आला की कळायचं. तिकडे घंटा वाजतेय, कुणीतरी धावत येऊन फोन उचलतंय, 'हॅलो' म्हणतंय अगदी खुशीत. आणि मला माहीत असायचं की आता काय येतंय. माझ्याच हातानं वायर लावायची. कितीदा वाटलं, नको जोडू या. सांगावं, लाईन खराब आहे. पण कधी तसं केलं नाही. नोकरी होती." त्या थांबल्या. "हे पुस्तक माझ्या हातात होतं. तू इस्त्री खाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होतीस. नाही जोडलं मी."

वहिनींनी इस्त्री उभी करून ठेवली. स्टूल ओढून त्या सासूबाईंच्या समोर बसल्या. त्यांच्या मांडीवरून टाचण्यांचा डबा उचलून खाली ठेवला.

"आई, मी आता लहान नाही. मला बहिणीचं प्रकरण हवं होतं हो. इतकं सुंदर लिहिलंय ते. मी तिथं वाचनालयात बसून एकटी रडले, ते इथं तुमच्याबरोबर रडले असते."

"रडून शर्टावर डाग पडले असते."

"पाण्याचे डाग इस्त्रीनं जातात."

सासूबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

दोघींनी मग तह केला. पुस्तक लिहिलंय तसं वाचायचं. वाईट काही येणार असेल, तर सासूबाई आधी म्हणतील, "इस्त्री खाली ठेव." मुकादमासारखा कुणी फारच जिवाला लागला, तर खरा शेवट वाचून झाल्यावर सासूबाई आपला शेवटही सांगतील. ही शेवटची अट वहिनींनी स्वतःहून घातली. कुबडी घेऊन दारात आलेला मुकादम त्यांना काही सोडवत नव्हता.

ही बातमी गिऱ्हाइकांत पसरायला वेळ लागला नाही. शेवटाच्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा उरेना. दोन तट पडले. काहींना पुस्तकातला शेवट हवा असायचा, काहींना काकूंचा. एका पुस्तकात तर सासूबाईंनी दुष्ट सावकाराला असा काही धडा शिकवला, की ऐकून ग्रंथपाल बाई म्हणाल्या, हा मूळ लेखकाला कळवायला हवा.

आणि वहिनींना आणखी एक गोष्ट मिळाली. बाकावर बसून ती वीस पानं वाचली त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की आपण पाऊण तास दुकानाबाहेर होतो आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. नवऱ्यानं दोन कपडे घेतले होते, सासूबाईंनी चिठ्ठ्या लावल्या होत्या, जग जागच्या जागी होतं. तेव्हापासून दर बुधवारी त्या तासभर वाचनालयात त्याच बाकावर जाऊन बसतात. कोणी विचारलं तर नवरा सांगतो, "मालकीण बाहेर आहेत. अर्जंट काम आहे."

मागच्या महिन्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस वाचायला बंदी केली. सासूबाई काळी पट्टी बांधून खुर्चीत बसल्या. वहिनींनी नवऱ्याच्या हातात इस्त्री दिली, तिला कशी धरायची ते दाखवलं, स्टूल ओढलं आणि अर्धवट राहिलेलं पुस्तक उघडलं. त्यातल्या म्हाताऱ्या घड्याळजीला छातीत कळ आली होती. वहिनींनी पान उलटलं, पुढचं डोळ्यांखालून घातलं, आणि त्यांचा आवाज अडखळला.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

वहिनींनी पान बोटानं दाबून धरलं.

"आहे तसं वाच," सासूबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला. वहिनींनी तो धरला आणि वाचलं.